काळ्याचे माप

काळा म्हणजे किती काळा, हा प्रश्न आपल्या आजीला कोणी विचारला असता तर तिने चुलीवरच्या तव्याच्या पाठीकडे बोट दाखविले असते. चित्रकाराने काजळाची डबी पुढे केली असती. पण पडद्यावर हालणाऱ्या चित्रांच्या जगात या साध्या प्रश्नाचे उत्तर द्यायला शहाण्या माणसांना पाऊणशे वर्षे लागली, आणि तेही एक उत्तर नाही. चार-पाच उत्तरे आहेत. ती एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून आज लाखो लोकांची तक्रार एकच आहे: संगणकावर बसून जोडलेले, रंग दुरुस्त केलेले चित्रण शेवटी 'एक्स्पोर्ट' केले, की त्यातला काळा राखेसारखा फिकट होतो, नाहीतर उलट डांबरासारखा दाट होऊन सारे तपशील गिळून टाकतो.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे चित्रण घ्या. काळी चंद्रकळा नेसलेली सून वाण देते आहे. जोडणी करताना त्या लुगड्याची प्रत्येक निरी दिसत होती. फाईल दुसऱ्याच्या यंत्रावर गेली आणि निऱ्या नाहीशा झाल्या. उरला तो एक काळा डाग आणि त्यावर हसणारा चेहरा. तिसऱ्या यंत्रावर तीच चंद्रकळा धुऊन धुऊन विटलेली दिसली. माणूस मग यंत्राला दोष देतो, कार्यक्रमाला दोष देतो. माझे म्हणणे असे, की दोष या दोघांचाही नाही. हे भांडण मापाचे आहे आणि त्याची मुळे आपल्या आजोबांच्या काळात आहेत.

पूर्वी आपल्याकडे गावोगावी शेर निराळा होता. एका पेठेतला शेर दुसऱ्या पेठेत पाऊण भरे. धान्य तेच, दाणा तोच; पण दोघांनी 'शेर' हा एकच शब्द वापरून दोन निराळ्या गोष्टी मनात धरलेल्या असत. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि हळूहळू किलोग्रॅम आला, तेव्हा ते भांडण मिटले. चित्रातल्या काळ्याचे मात्र अजून पुरते मिटलेले नाही. ते कसे सुरू झाले आणि कुठवर आले, याची हकीगत मी सांगणार आहे.

पहिली गोष्ट आपल्या घरचीच आहे. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने १९३३ साली 'सैरंध्री' काढला. दिग्दर्शक शांताराम. चित्रपट रंगीत करण्याची त्यांची जिद्द होती. चित्रीकरण इथे झाले, पण रंगीत प्रती काढण्याची सोय हिंदुस्थानात नव्हती. ते काम जर्मनीत करून घ्यावे लागले. रंग मनासारखे उतरले नाहीत. पुढे १९३७ साली अर्देशीर इराणींच्या इंपीरियल कंपनीचा 'किसान कन्या' आला आणि इथेच तयार झालेला पहिला रंगीत चित्रपट म्हणून त्याचे नाव इतिहासात लागले.

'सैरंध्री'च्या अपयशाची तांत्रिक कारणे तज्ज्ञ सांगतीलच. मला त्यात एक निराळीच गोष्ट दिसते. ज्याने सैरंध्रीचे लुगडे डोळ्यांनी पाहिले तो माणूस आणि ज्याने त्या लुगड्याचा रंग पडद्यावर आणायचा तो माणूस, या दोघांमध्ये सात समुद्र होते. फितीच्या डब्याबरोबर सगळे पाठवता येते. पाहणाऱ्याची नजर पाठवता येत नाही. नजरेऐवजी काहीतरी दुसरे पाठवावे लागते: एखादी खूण, एखादा आकडा, एखादा ठरलेला नमुना. रंगाच्या निर्यातीचा सारा इतिहास म्हणजे ही खूण शोधण्याचा इतिहास आहे.

फितीवर काळा म्हणजे चांदीचा दाट थर; तो हातात धरून उजेडाकडे पाहता येतो. दूरचित्रवाणी आली आणि काळ्याने आपले शरीर सोडले. तो विजेचा दाब झाला. २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बी.बी.सी.ने नियमित प्रक्षेपण सुरू केले. त्यांच्या ४०५ ओळींच्या पद्धतीत सर्वांत झगझगीत पांढऱ्यासाठी लहरीची पूर्ण शक्ती, म्हणजे १०० टक्के, आणि काळ्यासाठी ३० टक्के असे ठरले. मग ३० च्या खाली काय? तिथे चित्र नव्हतेच. तिथे इशारे होते: 'ही ओळ संपली, आता पुढची सुरू कर.' म्हणजे काळ्याहूनही काळा असा एक प्रदेश होता. तो दिसण्यासाठी नव्हता, घड्याळाच्या ठोक्यासाठी होता. अमेरिकेने १९४१ साली ५२५ ओळींची पद्धत घेतली तेव्हा हे सारे उलटे केले. तिथे चित्र जितके काळे तितकी शक्ती जास्त. त्यामुळे वाटेत विजेचा खडखडाट झाला तर पडद्यावर पांढऱ्या ठिणग्यांऐवजी काळे ठिपके उमटत, आणि ते डोळ्याला कमी खुपत.

अमेरिकेने आणखी एक गोष्ट केली आणि आपल्या कथेतला खलनायक तिथेच जन्मला. चित्र रेखाटणारा किरण ओळीच्या शेवटी परत फिरताना दिसू नये म्हणून तो विझवावा लागतो. विझलेल्या किरणाची पातळी म्हणजे शून्य. त्या काळच्या संचांवर भरवसा नव्हता; परतीच्या रेघा पडद्यावर उमटण्याची भीती होती. म्हणून त्यांनी चित्रातला काळा शून्यावर न ठेवता थोडा वर, शंभरातल्या साडेसातावर ठेवला. घरात ओल येऊ नये म्हणून आपण जोते उंच करतो, तसे हे काळ्याचे जोते. युरोपातल्या ६२५ ओळींच्या पद्धतीने ते घेतले नाही. जपानने अमेरिकेचीच पद्धत उचलली, पण जोते मात्र काढून टाकले आणि काळा शून्यावर आणला.

परिणाम पाहा. पद्धतीचे नाव एक, ओळी तितक्याच, फीत तीच. पण जपानी फीत अमेरिकन संचावर लावली की काळ्याजवळच्या सावल्या बुडत, आणि अमेरिकन फीत जपानी संचावर लावली की काळा करडा होई. शेर दोन आणि नाव एक! आज एक्स्पोर्टनंतर जे घडते तेच अगदी असे पन्नास-साठ वर्षांपूर्वी घडत होते.

रंगाची कथा याहून करमणुकीची आहे. डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेत एन.टी.एस.सी. या समितीच्या रंगीत पद्धतीला मान्यता मिळाली. पद्धत मोठी हुशारीची होती. जुन्या काळ्या-पांढऱ्या संचालाही तेच प्रक्षेपण दिसे, कारण रंगाचा भाग वेगळ्या लहरीवर पाठीशी बांधून पाठविलेला असे. रंगाची छटा त्या लहरीच्या कलेवर, म्हणजे ती किती पुढे-मागे सरकली आहे यावर, अवलंबून होती. पण वाटेत ही कला जरा सरकली की गोऱ्या मडमेचा चेहरा हिरवा, नाहीतर जांभळा. म्हणून अमेरिकन संचांना छटा फिरविण्याची एक खुंटी असे आणि प्रत्येक घर आपल्या आवडीने ती पिळी. तंत्रज्ञांनीच त्या आद्याक्षरांचा थट्टेने अर्थ लावला होता: 'दोनदा तोच रंग कधीच नाही'.

त्यातच आणखी एक गुपचूप व्यवहार झाला. १९५३ च्या करारात लाल, हिरवा आणि निळा नेमके कोणते हे लिहून ठेवले होते. ते रंग गडद होते, पण ते देणारी काचेवरची भुकटी मंद उजेड देई. गिऱ्हाइकाला हवा झगमगाट. कारखानदारांनी हळूच भुकटी बदलली. कागदावर एक हिरवा राहिला आणि काचेवर दुसरा आला. कितीतरी वर्षे कागद कोणी बदलला नाही. करार मोडला तरी कोणी ओरडले नाही, कारण मोडणारे सगळेच होते.

युरोपाला हे सारे पाहायला दहा वर्षे मिळाली. हानोव्हर येथे टेलिफुंकन कंपनीत वाल्टर ब्रुख नावाचे तंत्रज्ञ होते. ३ जानेवारी १९६३ रोजी त्यांनी आपली पद्धत युरोपातल्या तज्ज्ञांपुढे मांडली. तिचे नाव पाल. युक्ती साधी आणि सुंदर होती: प्रत्येक दुसऱ्या ओळीत रंगलहरीचा एक भाग उलटा करून पाठवायचा. वाटेत कला सरकली तर एका ओळीत चूक उजवीकडे होई, पुढच्या ओळीत डावीकडे. दोन्हींची सरासरी काढली की चूक आपोआप फिटे. छटा शाबूत राही, रंग फक्त किंचित फिका पडे. पद्धतीला स्वतःचे नाव का दिले नाही असे विचारल्यावर ब्रुख म्हणाले असे सांगतात, की 'ब्रुख' म्हणजे जर्मन भाषेत मोडतोड. मोडतोड-पद्धत कोण विकत घेईल? २५ ऑगस्ट १९६७ रोजी बर्लिनच्या प्रदर्शनात विली ब्रांट यांनी कळ दाबून पश्चिम जर्मनीत रंगीत प्रक्षेपण सुरू केले. गंमत अशी, की त्यांचे बोट कळीवर नीट टेकण्याआधीच पडद्यावर रंग आले! कळ नुसती शोभेची होती आणि आतल्या माणसाने क्षणभर घाई केली.

आपल्याकडे दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी दूरचित्रवाणी आली, मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी आणि रंग आले १९८२ साली, स्वातंत्र्यदिनाच्या आणि नंतरच्या आशियाई खेळांच्या निमित्ताने. भारताने पाल स्वीकारली. त्याचा एक अनपेक्षित परिणाम मराठी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात झाला. मुलगा न्यू जर्सीत, लग्न पुण्यात. लग्नाची व्हिडिओ कॅसेट तिकडे धाडायची. इथली फीत ६२५ ओळींची, तिथला संच ५२५ ओळींचा. कुणाकडून तरी रूपांतर करून घ्यायचे, आणि त्या रूपांतरात नवरीचा शालू कोणता रंग घेऊन अमेरिकेत उतरेल हे देवालाच ठाऊक. नीट रूपांतर करणारा काळ्याला जोते देई, घाईचा देत नसे. अशा किती कॅसेटी त्या वर्षांत समुद्रापार गेल्या असतील! शालूच्या रंगावरून दोन खंडांत कुजबूज झाली असेल, आणि दोष साडेसात टक्क्यांचा होता हे कुणाच्या स्वप्नातही आले नसेल.

त्याच १९८२ साली आंतरराष्ट्रीय मंडळींनी एक मोठे काम केले. ५२५ वाले आणि ६२५ वाले एकत्र बसले आणि चित्राचे आकड्यांत रूपांतर कसे करायचे याची एक शिफारस त्यांनी ठरविली. तिचा क्रमांक ६०१. दोन्ही पद्धतींना ओळीमागे ७२० बिंदू. उजेडाच्या पायऱ्या २५६, म्हणजे ० पासून २५५ पर्यंत. साध्या माणसाला वाटेल, काळा शून्यावर आणि पांढरा २५५ वर. पण ही माणसे विजेच्या जगात वाढलेली होती. वीज उडी मारते हे त्यांना ठाऊक होते. चाळणीतून जाताना लहर कडेला थोडी वर आणि थोडी खाली उसळते. त्या उसळीसाठी जागा हवी. शिवाय दोन टोकाचे आकडे ओळींच्या इशाऱ्यांसाठी राखून ठेवायचे होते. म्हणून त्यांनी काळा १६ वर ठेवला आणि पांढरा २३५ वर. खाली ओसरी, वर माळा आणि मधे राहते घर.

निर्णय शहाणपणाचा होता. पण शेजारच्या वाड्यात संगणकवाले राहत होते आणि त्यांना या उसळीशी काही देणेघेणे नव्हते. त्यांचे चित्र मुळातच आकड्यांत जन्मले. त्यांच्याकडे काळा म्हणजे शून्य, पांढरा म्हणजे २५५. दोन वाडे बरीच वर्षे आपापले सुखात नांदले. नव्वदीत संगणकावर चित्रपट दिसू लागला, त्याच संगणकावर तो जोडलाही जाऊ लागला, आणि मधली भिंत पडली.

आता चंद्रकळेचे कोडे उलगडते. फाईलमध्ये काळा १६ वर आहे. पाहणाऱ्या यंत्राने तो ताणून शून्यावर न्यायला हवा. यंत्राला वाटले की फाईल संगणकाच्या मापाची आहे. त्याने ताणलेच नाही. मग १६ हा करडा म्हणूनच दिसतो, पांढराही २३५ वर अडकतो आणि सारे चित्र धुतल्यासारखे होते. आता उलटे. फाईल आधीच ताणलेली आहे, आणि यंत्र ती पुन्हा ताणते. मग १६ आणि त्याखालच्या साऱ्या पायऱ्या एका काळ्यात कोसळतात. चंद्रकळेच्या निऱ्या नेमक्या त्या पायऱ्यांवर उभ्या होत्या. पहिला दोष सुधारता येतो. चित्र फिके असले तरी माहिती शाबूत असते. दुसरा दोष पाहण्याच्या यंत्रात असेल तर यंत्राचे माप बदलून भागते. पण तोच दोष जोडताना होऊन फाईलमध्ये उतरला तर उपाय नाही. सोळा निराळ्या पायऱ्या एकदा शून्य झाल्या, की कोणती पायरी कोणती होती हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

दुसरे भांडण रंगाच्या हिशोबाचे आहे. चित्र साठविताना लाल, हिरवा आणि निळा यांचा एक उजेड करतात आणि रंगाचे फरक वेगळे ठेवतात. ६०१ च्या हिशोबात लालाचा वाटा ०.२९९, हिरव्याचा ०.५८७ आणि निळ्याचा ०.११४. १९९० साली मोठ्या, ठसठशीत चित्रासाठी ७०९ क्रमांकाची शिफारस आली. तिने वाटे बदलले: ०.२१२६, ०.७१५२, ०.०७२२. जुन्या हिशोबाने बांधलेले गाठोडे नव्या हिशोबाने सोडले, तर कुंकवाचा लाल शेंदराकडे झुकतो आणि हिरवा चुडा मंदावतो. काळे, पांढरे आणि करडे मात्र जागचे हलत नाहीत. म्हणून हा दोष लबाड आहे. करड्यावर नजर ठेवणाऱ्याला तो सापडत नाही. फाईलवर काही लिहिलेले नसले तर पुष्कळ यंत्रे चित्राच्या आकारावरून अंदाज करतात: चित्र लहान असेल तर ६०१, मोठे असेल तर ७०९. माणसाच्या उंचीवरून त्याची मातृभाषा ठरविण्यासारखाच हा प्रकार!

तिसरे भांडण मधल्या उजेडाचे. जुन्या काचेच्या नळीत वीज दुप्पट केली तर उजेड दुप्पट होत नसे. तो एका वक्र नियमाने वाढे. त्या वक्राला गॅमा म्हणतात. सगळ्यांच्या घरी नळीच होती, म्हणून पडद्याचा वक्र कोणता हे कोणी नीट लिहूनच ठेवले नाही. ७०९ मध्ये कॅमेऱ्याची बाजू लिहिली होती, पडद्याची नव्हती. नळ्या गेल्या, सपाट पडदे आले, आणि मग २०११ साली १८८६ क्रमांकाच्या शिफारशीत पडद्यासाठी २.४ हा आकडा कागदावर आला. मेकिंटॉश संगणक तर २००९ पर्यंत १.८ धरून चालत, आणि बाकीचे बहुतेक २.२. या भांडणात काळा आणि पांढरा दोन्ही टोकांना खुंटीसारखे घट्ट राहतात, पण मधला चेहरा उजळतो किंवा सावळतो. आपल्या मुलखात चेहरा उजळणे याला किती अर्थ चिकटलेले आहेत हे मी सांगायला नको. सावळ्या मुलीचे चित्रण यंत्राच्या गैरसमजाने गोरे दिसावे आणि घरातल्यांना ते आवडावे, ही शक्यता मला त्या दोषाहूनही जास्त खटकते.

मग करायचे काय? उपाय जुनाच आहे. बी.बी.सी.च्या तंत्रज्ञांनी प्लूज नावाची एक खूण बनविली होती: काळ्या पट्टीशेजारी तिच्याहून किंचित काळी एक पट्टी आणि किंचित उजळ एक पट्टी. पडद्याचा उजेड असा फिरवायचा, की जास्त काळी पट्टी काळ्यात मिसळून जावी आणि उजळ पट्टी जेमतेम दिसावी. बस्स, काळा सापडला! आज जोडणी करणाऱ्याने हीच खूण आपल्या चित्रणाच्या आरंभी घालून फाईल बाहेर काढावी आणि दुसऱ्या यंत्रावर पाहावी. डोळ्यांवर विसंबू नये. विजेची पातळी दाखविणाऱ्या आलेखाकडे, म्हणजे वेव्हफॉर्मकडे, पाहावे. काळा कुठे बसला आहे ते तो आलेख खोटे न बोलता सांगतो. आणि मुख्य म्हणजे फाईलवर तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्या: माप कोणते, रंगाचा हिशोब कोणता, वक्र कोणता. फाईलमध्ये या चिठ्ठीसाठी जागा असते. देवगडहून निघालेल्या आंब्याच्या पेटीवर चिठ्ठी नसेल तर वाशीच्या बाजारात ती कोणाचीही होते. चित्राचेही तसेच आहे. नुसती चिठ्ठी लावून भागत नाही हेही खरे. ती वाचणारा हवा, आणि काही यंत्रे चिठ्ठी वाचूनही मनाला येईल तसा तिचा अर्थ लावतात. म्हणून एकाच पडद्यावर विश्वासून राहू नये.

आता हा खटाटोप कशासाठी, असे कोणी म्हणेल. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. अशा ठिकाणी जपलेल्या जुन्या फिती आज आकड्यांत उतरवल्या जातात, कारण फीत कुजते. १९३६ च्या 'संत तुकाराम'सारखा चित्रपट आपले नातवंड पाहील तो या आकड्यांतूनच. त्या चित्रपटाचे सारे ऐश्वर्य काळ्या आणि पांढऱ्या यांच्या मधल्या पायऱ्यांत आहे. उतरवताना कोणी एकाने माप चुकविले तर देहूच्या रात्रीतल्या सावल्या कायमच्या बुडतील, आणि पुढच्या पिढीला काही बुडाले हेही कळणार नाही. तिला वाटेल, जुने चित्रपट असेच असतात. जी हानी दिसत नाही ती भरून काढायला कोणी येत नाही.

या इतिहासातून मला एक गोष्ट पटली आहे. यंत्रे खोटे बोलत नाहीत. ती फक्त आपल्याला जे सांगितले तेवढेच खरे मानतात. रंग टिकतो तो काचेच्या गुणाने नव्हे. एकमेकांना कधी न भेटलेली माणसे एका आकड्यावर विश्वास ठेवायला तयार होतात, म्हणून तो टिकतो. कोल्हापूरहून जर्मनीला गेलेल्या डब्याला जे साधले नाही ते आज एका छोट्या चिठ्ठीने साधते, ती चिठ्ठी लिहायला मात्र विसरता कामा नये. काळ्याचे माप ठरलेले असेल तरच चंद्रकळेची निरी सून नेसली तशीच सातासमुद्रापलीकडे पोचते.